फलाटावर उतरलेले मूल : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील निराधार बालकांच्या आश्रयाचा वृत्तान्त

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट ओलांडला गेल्यानंतर कल्याण हे खऱ्या अर्थाने जंक्शन झाले. कर्जतकडून दक्षिणेचा आणि कसाऱ्याकडून उत्तरेचा असे दोन्ही मार्ग येथे एकत्र येतात. या लोहमार्गाने आपल्या शहरांना काय दिले याची उजळणी अनेक वेळा झाली आहे. पेठा वाढल्या, पेढ्या वाढल्या, गुजरात-मारवाडातून कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, मंदिरे उभी राहिली. परंतु त्याच गाड्यांच्या अनारक्षित डब्याच्या दाराशी बसून आणखी एक प्रवासी दीडशे वर्षांहून अधिक काळ या फलाटांवर उतरत आला आहे. त्याच्याजवळ तिकीट नसते, सामान नसते आणि त्याला न्यायला कोणीही आलेले नसते. तो आठ, दहा, बारा वर्षांचा असतो. या प्रवाशाचे पुढे काय होत आले, त्याला कोणी कसे थांबवले, याचा वृत्तान्त येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम हे मूल कोण असते ते पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी समाजात पुष्कळ गैरसमज आहेत. रस्त्यावर दिसणारे प्रत्येक मूल अनाथ असते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तव निराळे आहे. काही मुले आपल्या आईबापांसह रस्त्यावरच राहतात. सिग्नलवर गजरे विकतात आणि रात्री उड्डाणपुलाखाली आईच्या कुशीत झोपतात. काही दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री झोपडीत परततात. तिसरा वर्ग एकट्या मुलांचा. त्यांतीलही बहुसंख्य मुलांचे घर कोठेतरी असते. सावत्रपणाचा जाच, बापाचे दारूचे व्यसन, परीक्षेतील अपयश, शाळेतील मार, क्षुल्लक चोरीचा आळ, मुंबईचे आकर्षण, नाहीतर केवळ थोरल्या मुलाने दाखवलेली वाट, यांपैकी एखादे कारण पुरेसे होते. पुष्कळ वेळा कारण इतके लहान असते की मूलच चार दिवसांनी ते सांगायला लाजते. पण एकदा गाडी सुटली की परतीचा मार्ग त्याला ठाऊक नसतो आणि घरी गेल्यावर मिळणाऱ्या माराची भीती दिवसागणिक वाढत जाते.

अशी मुले कल्याणला का उतरतात, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशातच आहे. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून मुंबईस जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे थांबतात. डबा येथे बराच रिकामा होतो. उतरणाऱ्यांचा लोंढा पाहून ‘मुंबई आली’ असे समजून मूलही उतरते, किंवा तिकीट तपासनिसाच्या धाकाने उतरते. मग लोकलने ठाणे, दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. काही थोडी मुले आपणहून परतीची गाडी पकडतात. बाकीची फलाटावरील जीवनात विरघळतात. डबे झाडून प्रवाशांपुढे हात पसरणे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वेचणे, हमाली, चहाच्या टपरीवर पेले धुणे हे पहिले धंदे होत. पुढे पंक्चर काढण्याचे सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगणे येते. भूक मरते, थंडी जाणवत नाही, भीती वाटत नाही. मुलाला ते औषधच वाटते. या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते म्हणूनच एक गोष्ट आवर्जून सांगतात : पहिले काही तास, फार तर पहिले काही दिवस, हेच खरे महत्त्वाचे. घरून नेसून आलेला शाळेचा गणवेश अंगावर आहे तोवर मूल घराचे नाव सांगते. गणवेश फाटला की नावही बदलते.

ठाणे नगरीला या विषयाची ओळख फार जुनी आहे, असे म्हटल्यास वाचकांना नवल वाटेल. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते ते श्रीपाल राजाच्या कथेमुळे. आयंबिलच्या ओळीत दर वर्षी ती कथा ऐकली जाते. धवल शेठने समुद्रात लोटल्यावर श्रीपाल ठाण्याच्या किनाऱ्यास लागला हा भाग सर्वांच्या तोंडपाठ असतो. मात्र कथेचा आरंभ लक्षात घेतला जात नाही. चंपानगरीचा राजा सिंहरथ निवर्तल्यावर काकाने राज्य बळकावले आणि राणी कमलप्रभा बाळ श्रीपालला कडेवर घेऊन अरण्यात पळाली. मागावर आलेल्या शिपायांपासून त्या मायलेकांना कोणी लपवले? सातशे कुष्ठरोग्यांच्या जमावाने. गावाने टाकलेल्या त्या माणसांनी त्या मुलाचे कुळ विचारले नाही की ओळखीची चिठ्ठी मागितली नाही. नवपदाच्या आराधनेचा महिमा गाताना या सातशे जणांकडेही क्षणभर पाहावे, इतकेच येथे सुचवायचे आहे.

आता कथेकडून इतिहासाकडे वळू. मुंबई इलाख्यात मुक्या प्राण्यांसाठी पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांचे त्यात पुढाकाराचे नाव होते. एकट्या मुलांसाठीची व्यवस्था येण्यास त्यानंतर जवळपास पाव शतक जावे लागले. १८५० साली सरकारने उमेदवारीचा कायदा केला. गुन्ह्यात सापडलेल्या किंवा निराधार मुलाला तुरुंगात धाडण्याऐवजी एखाद्या कारागिराकडे धंदा शिकण्यास ठेवावे, ही त्यामागची कल्पना. पुढे १८५७ साली बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या दानातून मुंबईत मुलांसाठी औद्योगिक सुधारगृह उभे राहिले. माटुंगा-माहीम परिसरात ती संस्था आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. दान देणारे ससून कापड, कापूस आणि अफूचे व्यापारी होते. त्यांच्या अफूच्या व्यापाराविषयी आज वेगळे मत असू शकते. पण त्या काळातील इतर धनिकांच्या नजरेस जे मूल पडले नाही ते त्यांच्या नजरेस पडले, ही नोंद त्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूसच राहील. त्यानंतर १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. सुधारशाळांच्या या कायद्यांत एक उणीव समान होती. मुलाने काही अपराध केला असेल तरच कायदा त्याच्याकडे पाही. ज्याने काहीच केले नाही, जो केवळ एकटा आहे, त्याच्यासाठी कोणतेही कलम नव्हते.

ती पोकळी दुष्काळांच्या काळात धर्मादाय संस्थांनी भरून काढली. पंढरपूर येथे १८७५ साली प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे त्याचे प्रवर्तक. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ आलेला विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी तर मुलांचे थवेच्या थवे वाटेला लावले. ‘छप्पनियो’ हे नाव गुजराती-मारवाडी घरांतील वृद्धांच्या तोंडी कालपरवापर्यंत होते. आजचे अनेक परिवार कोकणात व देशावर आले त्याचे मूळ त्या एका शब्दात सापडते. त्या वेळी पंडिता रमाबाई यांनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून शेकडो निराधार मुली व स्त्रिया पुण्याजवळील केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी तेव्हा वाद झाला आणि आजही होतो. तथापि छप्पनियातील त्या मुलींना रस्त्यावरून उचलण्यास प्रत्यक्ष कोण गेले, हा प्रश्न वाद घालणाऱ्यांनीही स्वतःस विचारावा असा आहे.

जैन समाजाने याच सुमारास मुलांसाठी केलेले कार्य लहान नाही. शेठ माणेकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली बोर्डिंगे, आचार्य श्री विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली स्थापन झालेले श्री महावीर जैन विद्यालय, यांमुळे खेड्यापाड्यांतील गरीब परंतु हुशार मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले, कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर या कल्पनेची कुंपणेच काढून टाकली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढून त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही काढून दिले. परंतु बोर्डिंगाच्या दाराशी येणाऱ्या मुलाला गाव असते, वडील किंवा मामा असतो, संघाच्या प्रमुखांची शिफारस असते. फलाटावरच्या मुलाजवळ यांतील काहीच नसते. कापडाच्या गाठीवर मार्का असेल तर ती चुकीच्या स्टेशनावर उतरली तरी आज ना उद्या मालकाच्या गोदामात पोहोचते. बिनमार्क्याची गाठ मात्र लवारिस मालात पडून राहते. समाजाच्या दानाचा ओघ बोर्डिंग, धर्मशाळा, दवाखाना, पांजरापोळ यांच्याकडे वळला तितका या बिनमार्क्याच्या मुलाकडे वळला नाही, असे म्हटल्यास ते कटू वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

कायद्याने या मुलाची दखल घेतली ती १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमात. मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्यानंतर हा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरी-उमरखाडी येथील जुन्या तुरुंगाच्या जागेत मुलांसाठी रिमांड होम सुरू झाले. अपराधी नसलेले, पण निराधार असलेले मूल प्रथमच कायद्याच्या छत्राखाली आले. मात्र छत्र मिळाले ते तुरुंगाच्याच इमारतीत! १९४८ साली सुधारित मुंबई बालक अधिनियम आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण संघटनांमार्फत अशी गृहे चालू लागली. आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी मुलांचे बालगृह व निरीक्षणगृह भिवंडीस आहे, तर मुलींचे शासकीय बालगृह उल्हासनगरला. ‘रिमांड होम’ हा शब्द मात्र लोकांच्या जिभेवर असा बसला की आई मस्तीखोर मुलाला त्याच शब्दाने भीती घालू लागली. फलाटावरच्या मुलांनीही तोच धसका घेतला. खाकी गणवेश दिसताच मूल पळते, याचे एक कारण हे आहे. ज्याला अपराध्यांसमवेत ठेवले जाणार असे वाटते, ते मूल मदतीसाठी हात पुढे करणार कसे?

ही भीती अगदीच निराधार नव्हती. देशात अनेक ठिकाणी निराधार मुले खरोखरच तुरुंगात ठेवली जात होती. हे उघडकीस आणण्यात एका मराठी स्त्रीचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सोळा वर्षांखालील मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८६ साली न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये असे बजावले आणि देशभर एकच कायदा असावा असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला. नंतर भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस मान्यता दिली, २००० साली नवा अधिनियम आला आणि त्याची जागा २०१५ च्या अधिनियमाने घेतली. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक, हे आता निश्चित आहे. अपराध करणारे बालक आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक यांची वाटही वेगळी झाली आहे. पहिले बाल न्याय मंडळापुढे जाते, दुसरे बाल कल्याण समितीपुढे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते, आणि सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत समितीपुढे उभे करावे लागते. मूल स्वतःहूनही समितीकडे जाऊ शकते, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे.

कायद्याच्या बरोबरीने मुंबईत दुसरीही एक चळवळ आकार घेत होती. १९६२ साली येशूसंघीय पाद्र्यांनी स्नेहसदन सुरू केले. १९८८ साली मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ हा चित्रपट आला व त्यातून सलाम बालक ट्रस्टची स्थापना झाली. पण सर्वांत दूरगामी ठरली ती जून १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा. ‘दस-नौ-आठ’ असा क्रमांक अशिक्षित मुलालाही लक्षात राहावा अशा बेताने निवडलेला होता. पीसीओच्या त्या जमान्यात कोणत्याही बूथवरून तो विनामूल्य लागे. रात्री ताप आलेले, मार खाल्लेले, रस्ता चुकलेले मूल स्वतः फोन करी आणि एखादा ताई किंवा दादा त्याच्याकडे जाई. मुंबईत जन्मलेली ही सेवा देशभर पसरली. २०२३ पासून ती शासनाने आपल्याकडे घेतली असून ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडली आहे. क्रमांक मात्र १०९८ हाच राहिला आहे.

आपल्या परिसरापुरते पाहिल्यास फलाटावरच्या मुलाच्या इतिहासात खरे वळण आणले ते समतोल फाउंडेशनने. या शतकाच्या पहिल्या दशकात श्री. विजय जाधव यांनी ही संस्था उभी केली. आधीच्या संस्थांपेक्षा तिचा विचार एका बाबतीत वेगळा होता. मुलाला आश्रमात वाढवण्यापेक्षा त्याला त्याच्या घरी पोहोचवावे, हे तिने आपले मुख्य काम मानले. कार्यकर्ते ठाणे, कल्याण, दादर, कुर्ला, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशा स्थानकांवर फिरत. हजारो माणसांच्या गर्दीतून एकटे आलेले मूल हेरणे ही एक विद्याच आहे. ते प्रत्येक गाडीकडे बघते पण कोणत्याही गाडीत चढत नाही. खाण्याच्या स्टॉलजवळ रेंगाळते. त्याच्या पायातील चप्पल पुष्कळदा हरवलेली असते. कार्यकर्ता जवळ बसतो, गप्पा मारतो, नाव लगेच विचारत नाही. विश्वास बसला की रेल्वे पोलिसांकडे रीतसर नोंद, वैद्यकीय तपासणी आणि बाल कल्याण समितीचा आदेश.

ज्या मुलांना फलाटाची आणि नशेची सवय जडली आहे त्यांना तडक घरी नेऊन उपयोग होत नाही, कारण आठवड्याभरात ती पुन्हा गाडीत बसतात. त्यांच्यासाठी कल्याण तालुक्यातील मामणोली येथे ४५ दिवसांचे ‘मनपरिवर्तन शिबिर’ भरवण्याची पद्धत समतोलने पाडली. व्यायाम, प्रार्थना, खेळ, थोडे श्रम, वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप. ऐकताना यात विशेष काही वाटत नाही. परंतु ज्या मुलाच्या दिवसाला वर्ष-दोन वर्षे सकाळ-संध्याकाळच नव्हती, त्याच्या दृष्टीने ठरलेल्या वेळी वाढलेले ताट हीच मोठी गोष्ट असते. या दीड महिन्यात मूल हळूहळू बोलते. गावाचे नाव नीट आठवत नसेल तर नदीचे सांगते, जत्रेचे सांगते, शाळेच्या गुरुजींचे आडनाव सांगते. त्या धाग्यावरून जिल्हा, पोलीस ठाणे आणि घर शोधले जाते. शिबिराच्या अखेरीस आईबापांना बोलावून त्यांच्या स्वाधीन मूल करण्याचा छोटा समारंभ होतो. बिहार, उत्तर प्रदेश किंवा विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या पालकाचा दोन-तीन दिवसांचा रोज बुडतो आणि प्रवासखर्च वेगळा, ही गोष्ट दानशूर मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. अनेकदा मुलाच्या आणि घराच्या मध्ये उभे असते ते केवळ एका माणसाचे जाण्यायेण्याचे भाडे.

घर शोधण्याच्या कामात पूर्वी मोठी अडचण होती. गावाकडील पोलीस ठाण्यात मूल हरवल्याची नुसती नोंद होई आणि इकडे कल्याणला ते सापडल्याची दुसरी नोंद. दोन वह्या कधीच एकमेकींस भेटत नसत. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूल हरवल्याच्या तक्रारीवर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवलाच पाहिजे, असा आदेश दिला. ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि २०१५ साली आलेले ‘खोया-पाया’ या संगणकीय नोंदींनी छायाचित्रे जुळवणे सोपे केले. त्याच वर्षी ‘ऑपरेशन मुस्कान’ ही मोहीम देशभर सुरू झाली आणि ठाणे पोलिसांनीही तीत भाग घेतला. खाकी गणवेशाला पाहून पळणारे मूल खाकीचाच हात धरून घरी जाऊ लागले, हे दृश्य पन्नास वर्षांपूर्वी कोणास खरे वाटले नसते.

येथवर संस्था, पोलीस आणि न्यायालये यांचा इतिहास झाला. बाजारपेठेचा इतिहास अद्याप उरला आहे आणि तो थोडा अवघड आहे. फलाटावरून बाहेर पडलेले मूल पहिल्यांदा जाते ते पेठेत. तेथे त्याला दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला बिस्किटाचा पुडा किंवा दहाची नोट देऊन पुढे जातो. त्याच्या मनात करुणा असते यात शंका नाही. पण त्या पुड्याने मुलाचा आणखी एक दिवस फलाटावर निभतो, आणि असे तीस दिवस निभले की ते मूल घरी परतण्याच्या पलीकडे जाते. दुसरा मनुष्य त्याला कामावर ठेवतो. ‘रस्त्यावर मरत होता, दोन वेळ जेवू तरी लागला,’ असे तो प्रामाणिकपणे मानतो. हॉटेले, कारखाने, भिवंडीचे यंत्रमाग आणि अर्थातच दुकाने यांत असे कित्येक ‘छोटू’ एके काळी वाढले आणि त्यांच्या मालकांना उपकारकर्ते म्हणवून घेण्यात कोणतीही अडचण वाटली नाही. त्या मुलाची आई कोणत्या तरी स्टेशनावर त्याचा फोटो दाखवत फिरत असेल, हा विचार हिशेबात धरला गेला नाही.

आता कायदाही स्पष्ट आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर, शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात केलेली मदत आणि बालकलाकार यांसारखे मोजके अपवाद वगळता, सर्वत्र मनाई आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मुलाला कामासाठी अडकवून ठेवणे, त्याची कमाई स्वतःकडे ठेवणे हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंडास पात्र असा गुन्हा आहे. याहून कमी परिचित आहे ते कलम ३२. एकटे, सोडून दिलेले किंवा हरवलेले मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत १०९८, जवळचे पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणासही कळवणे हे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूल भोळ्या दयेपोटी घरी ठेवून घेतले असले तरीही कळवावेच लागते. एका फोनचे हे काम आहे, आणि फोन करणाऱ्याला बिस्किटाच्या पुड्याएवढाही खर्च येत नाही.

या परिसरातील आणखी दोन कामांचा उल्लेख केल्यावाचून हा वृत्तान्त अपुरा राहील. डोंबिवलीत जननी आशिष ही संस्था टाकून दिलेल्या तान्ह्या व लहान बालकांचा सांभाळ करून त्यांना कायदेशीर दत्तक घरे मिळवून देण्याचे काम करीत आली आहे. तिची मुले फलाटापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये हे तिचे यश. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठाने महानगरपालिकेच्या सहकार्याने ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. दुष्काळी भागातून आलेल्या पारधी कुटुंबांची मुले तेथे सिग्नलवर वस्तू विकत असत. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे न्यावी, असा हा साधा पण धाडसी विचार. गाड्यांच्या गोंगाटात, मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग भरले, आणि २०१९ साली तेथील विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले. ही मुले एकटी नव्हती, आईबाप जवळच होते. परंतु शाळेने धरून ठेवले नसते तर त्यांतील काही पुढे एकटी पडली असती.

घरी पोहोचवलेले प्रत्येक मूल घरी टिकतेच असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्या घरात त्याला जाळले, उपाशी ठेवले, तेथे त्याला परत पाठवणे हा अन्यायच होय. म्हणूनच कायद्याने आधी घरची सामाजिक चौकशी सांगितली आहे. पंधरा दिवसांत तिचा अहवाल आणि चार महिन्यांत अंतिम निर्णय अपेक्षित असतो. अशा मुलांना बालगृह लागते, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहाचे दार बंद होते तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहतो. एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. पण भाड्याची खोली, जामीन राहणारा मनुष्य आणि पहिली नोकरी या गोष्टी कायद्याने मिळत नाहीत. त्या पेठेतील माणसेच देऊ शकतात. अठरा वर्षांच्या तरुणाला नोकरीस ठेवण्यात आता कोणतीही आडकाठी नसते.

आणि जेथून ही गाडी सुटते त्या टोकाशीही काही करता येते. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना एकल पालकाच्या, आजारी किंवा तुरुंगातील पालकाच्या मुलाला त्याच्याच घरात किंवा नातेवाइकांकडे वाढवण्यासाठी मदत देते. २०२३ साली या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि मदत दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. कल्याणच्या झोपडपट्टीत किंवा डोंबिवलीच्या चाळीत राहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या विधवेला या योजनेचे नाव बहुधा ठाऊक नसते. अर्ज, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते एवढे जमवताना तिचे चार दिवस मोडतात. दुकानाचे सर्व दाखले आणि विवरणपत्रे वर्षानुवर्षे भरणाऱ्या व्यापाऱ्याला तेच काम एका दुपारचे असते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यावा लागतो.